पंधरा दिवसांची चिठ्ठी

दवाखान्याच्या जिन्याखाली जे मेडिकल आहे, तिथे काउंटरमागे उभ्या असणाऱ्या बाईंना गल्लीतली लहानथोर माणसं गोळीताई म्हणतात. हे नाव कोणी ठेवलं ते आता कोणालाच आठवत नाही. पहिली काही वर्षं त्यांना त्याचा राग यायचा. औषधशास्त्राची पदवी घेतलेली बाई, भिंतीवर चौकटीत लावलेलं प्रमाणपत्र, आणि नाव काय, तर गोळीताई. पुढे रागवायचाही कंटाळा आला. एकोणतीस वर्षं एकाच काउंटरमागे उभं राहिलं की माणसाचे पाय आधी म्हातारे होतात आणि बाकीचं शरीर मागून जातं. ताईंच्या टाचा सकाळी अकरापासूनच ठणकायला लागत. काउंटरखाली त्यांनी जुनं पायपुसणं दुहेरी घडी करून ठेवलं होतं. त्यावर आलटून पालटून एकेक पाय टेकत त्या दिवस ढकलत.

दुकान काही मोठं नव्हतं. तीन बाजूंना छतापर्यंत फळ्या, एका कोपऱ्यात सतत गुरगुरणारा फ्रीज, वजनाचा काटा आणि म्हाताऱ्या पेशंटसाठी एक स्टूल. शेजारूनच जिना वर दवाखान्यात जायचा. वरच्या बाकावर कोण बसलंय, कोण खोकतंय, कोणाचं पोर रडतंय, हे ताईंना खाली उभ्या उभ्या कळायचं. वरून चिठ्ठी यायची, खालून गोळी जायची. मालक सकाळी एकदा डोकावून जायचे. बाकी सगळं दुकान ताईंच्याच खांद्यावर.

ताई नवीन होत्या तेव्हा मनाच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या एका लहानशा खणात कुलपात असायच्या. खणाची किल्ली ताईंच्या कमरेला. आठवड्याला तीन-चार गिऱ्हाइकं. ती लांब उभी राहायची, दुकान रिकामं व्हायची वाट बघायची आणि मग अंगठ्याएवढी घडी केलेली चिठ्ठी हळूच पुढे सरकवायची. वर न विचारताच सांगायची, माझ्या मावसबहिणीसाठी आहे हो. ताई तोंडातून ब्र काढत नसत. घरी मात्र नवऱ्याला म्हणायच्या, आपल्या गल्लीत मावसबहिणींचं पीक आलंय.

आता त्या खणाच्या दोन लांब फळ्या झाल्या होत्या, आणि त्याही हाताच्या उंचीवर. त्यामागे काही धोरण वगैरे नव्हतं. दिवसातून पन्नास वेळा वरच्या फळीवर हात न्यायचा म्हणजे ताईंचा खांदा भरून यायचा, म्हणून एका दुपारी त्यांनी खोकल्याची औषधं वर चढवली आणि या गोळ्या खाली आणल्या. लोकही आता लाजत नसत. रांगेत उभं राहून मोठ्याने विचारत, माझी डिप्रेशनची आली का हो? ताईंना ते ऐकून बरंच वाटायचं. त्याला कारण होतं. ताईंची आई आठ वर्षं घरातल्या मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून होती. कोणी आळशी म्हणालं, कोणी ढोंगी म्हणालं, सख्ख्या जावेने कामचुकार म्हणून घेतलं. औषध कोणी दिलं नाही, कारण हे औषधाने बरं होणारं दुखणं आहे हेच घरात कोणाला ठाऊक नव्हतं. शेवटी एका साध्या तापात ती गेली. त्यामुळे ‘हल्ली काय, ज्याला त्याला गोळ्या लागतात’ असं कोणी काउंटरवर टेकून म्हणालं की ताई त्याच्याकडे पाठ करून फळी आवरायला लागायच्या.

एक दिवस आरोग्य खात्याचं पत्र आलं. भागातल्या सगळ्या मेडिकलवाल्यांनी झोपेच्या, घबराटीच्या आणि नैराश्याच्या गोळ्यांचा गेल्या दहा वर्षांचा तपशील पाठवावा. कोणत्या वर्षी किती चिठ्ठ्या, पेशंटचं वय काय, बाई की पुरुष, गोळी कोणती. मालकांनी पत्र दोनदा वाचलं, ताईंच्या पुढ्यात ठेवलं आणि तीन आठवड्यांची मुदत आहे एवढं सांगून निघून गेले.

या गोळ्यांची वेगळी वही ठेवायचा नियमच होता, त्यामुळे दहा वर्षांच्या वह्या माळ्यावर होत्या. ताईंनी त्या उतरवल्या, झटकल्या, चार-पाच वेळा शिंकल्या. एक ते चार दुकान बंद असायचं. एरवी त्या वेळात त्या घरी जाऊन तासभर पाय वर करून पडत. आता शटर अर्धं ओढून त्या स्टुलावर बसायच्या आणि एकेक पान उलटत रेघा मारायच्या. नवरा डबा घेऊन यायचा. तो पाणीखात्यात मीटर बघायचं काम करून रिटायर झालेला, एका कानाने कमी ऐकणारा, पण तोंडाने काही कमी नाही. म्हणाला, आयुष्यभर मी लोकांचं पाणी मोजलं, आता तू त्यांची झोप मोज.

पहिल्या आठवड्यात ताईंना वाटलं होतं, काय निघणार ते आपल्याला माहीतच आहे. लोकांचे हाल वाढले, लाज कमी झाली, म्हणून गोळ्या वाढल्या. आकडेही तसेच दिसत होते. दहा वर्षांपूर्वी वर्षाला दोनशे बारा चिठ्ठ्या. सरलेल्या वर्षी सोळाशे चाळीस. पण नवी माणसं वेगळी काढली तेव्हा त्यांचा हात थांबला. दहा वर्षांपूर्वी वर्षभरात नव्वद नवी माणसं आली होती. सरलेल्या वर्षी एकशे साठ. म्हणजे दुप्पटही नाही. मग चिठ्ठ्या आठपट कशा?

त्यांनी परत मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. उत्तर तेच. येणाऱ्यांची रांग फारशी वाढली नव्हती. जाणारं कोणी नव्हतं. तीच नावं दर महिन्याला, वर्षामागून वर्षं, पुढच्या वहीत, त्याच्याही पुढच्या वहीत. आणि सगळीकडे अक्षर ताईंचंच. काही नावं पानावर इतक्या सवयीने उतरली होती की लिहिताना आपण वाचलंही नसणार, असं त्यांना वाटलं.

मग त्यांनी एकेक नाव धरून मागे मागे जायला सुरुवात केली. शोधता शोधता मोठ्या बाई सापडल्या. मोठ्या बाई म्हणजे कोपऱ्यावरच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. आता रिटायर, वय एकाहत्तर. त्यांचे यजमान हॉस्पिटलात वारले त्या आठवड्यात डोळ्याला डोळा लागेना, म्हणून डॉक्टरांनी झोपेची गोळी लिहून दिली होती. त्यांची सुरुवात दहा वर्षांच्याही आधीची निघाली, म्हणून ताईंनी माळ्यावरून आणखी एक वही काढली. त्यात स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं होतं, रोज रात्री एक, पंधरा दिवस. त्या पंधरा दिवसांना अकरा वर्षं झाली होती. गेल्या वर्षभरात मोठ्या बाई घरात दोनदा पडल्या होत्या. एकदा मनगट मोडलं. प्लास्टर घातलेल्या हातानेच त्यांनी गोळ्यांची पिशवी घेतली होती आणि ताईंनी ती त्यांच्या दुसऱ्या हातात नीट धरवून दिली होती, जपून जा बाई म्हणून.

ताई बराच वेळ त्या पानावर बोट ठेवून बसल्या. नंतर त्यांनी फूटपट्टी घेतली आणि खात्याच्या तक्त्यात उजवीकडे एक जास्तीचा रकाना आखला. वर लिहिलं, पहिली चिठ्ठी किती दिवसांची होती. तो भरायला त्यांना आणखी आठ दुपारी लागल्या.

वह्या संपल्या त्या दिवशी त्या जिना चढून वर गेल्या. डॉक्टर टेबलावरच गार झालेला डबा उघडून जेवत होते. वय पंचावन्न, डोळ्यांखाली कायमची सूज, सकाळपासून चाळीस पेशंट झालेले आणि संध्याकाळी तेवढेच यायचे. ताईंनी तक्ता पुढे ठेवला. डॉक्टरांनी एका हातात चमचा धरून तो वाचला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. आधी ते चिडलेच. ताई, आता कोणाला काय द्यायचं हे तुम्ही मला सांगणार का, असं काहीसं म्हणाले. ताई उभ्याच राहिल्या. उभं राहायची त्यांना सवय होती.

डॉक्टरांनी चमचा खाली ठेवला.

“लिहायला अर्धं मिनिट लागतं, ताई. थांबवायला अर्धा तास लागतो. आणि तोही एकदा नाही, दर पंधरा दिवसांनी. बाहेर बाकावर बघा किती जण असतात. कुठून आणू अर्धा तास?”

“नका आणू,” ताई म्हणाल्या. “मी फक्त सांगायला आले. सदुसष्ट माणसांची पहिली चिठ्ठी पंधरा दिवसांची होती. वर तुम्ही लिहीत गेलात, खाली मी देत गेले. मीही कधी विचारलं नाही.”

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. ते खोटं बोलत नव्हते, हे ताईंना कळत होतं. इतक्या वर्षांत त्यांनी या माणसाला पेशंटवर ओरडताना पाहिलं नव्हतं, पण खुर्चीत नीट टेकून बसलेलंही पाहिलं नव्हतं. मग ते म्हणाले, पाच नावं द्या. पाचच. गुरुवारी दुपारी दवाखाना उघडायच्या आधी त्यांना एकेक करून बोलवू. आणि फक्त झोपेच्या गोळीवाली. नैराश्याच्या गोळ्यांवर जी माणसं उभी आहेत त्यांना हात लावायचा नाही.

ताईंनी पाच नावं दिली. पाचांच्या पाच तऱ्हा झाल्या. एक आजी मुलाकडे दुसऱ्या गावी राहायला गेल्या आणि प्रश्नच मिटला. एका ट्रकवाल्याने सरळ सांगितलं, माझी झोप माझी आहे, तुम्ही त्यात पडू नका. एक वहिनी मान डोलवून गेल्या आणि दोन चौक पलीकडच्या मेडिकलमधून गोळ्या घेऊ लागल्या. ताईंना ते त्या मेडिकलवाल्याकडूनच कळलं. एका कारकुनाने तीन महिन्यांत गोळी सोडली आणि आभार मानायचे सोडून उलट भांडायला आला, की हे आधी का नाही सांगितलं, माझी सहा वर्षं सकाळी डोकं जड असण्यात गेली. ताईंनी ऐकून घेतलं. त्याचं चूक नव्हतं.

पाचव्या मोठ्या बाई. त्यांनी डॉक्टरांचं सगळं बोलणं ताठ बसून ऐकलं आणि जिना उतरून तडक काउंटरवर आल्या.

“अकरा वर्षं तुम्हीच देत होतात ना? तेव्हा का नाही बोललात?”

गर्दी असायची म्हणावं तर ती काल होती आणि आजही होती. चिठ्ठी डॉक्टरांची म्हणावं तर गोळी देणारा हात ताईंचाच होता.

“चुकलं माझं, बाई,” त्या म्हणाल्या.

मोठ्या बाईंनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. चाळीस वर्षं मुलांची खोटी कारणं ऐकलेल्या त्या, कबुलीची त्यांना फारशी सवय नसावी. मग स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, सांगा, कसं कमी करायचं ते.

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात. ही गोळी तर पंधरा दिवसांची पाहुणी म्हणून आली होती आणि मुंगीच्याही मागून निघाली. डॉक्टरांनी लिहून दिलं होतं की दर तीन-चार आठवड्यांनी थोडी थोडी कमी करायची, घाई अजिबात नाही. गोळी एवढीशी, त्यात मोठ्या बाईंचा हात थरथरायचा. म्हणून ताई ब्लेडने तुकडे करायच्या, रोजचा तुकडा वेगळ्या पुडीत, पुडीवर वार. दुपारी एक ते चारमधला अर्धा तास आता त्यात जाऊ लागला. घरी जाऊन पाय वर करणं बंदच झालं.

मोठ्या बाई रोज सकाळी शटर वर जायच्या वेळेला हजर. स्टुलावर बसायच्या आणि रात्रीला मार्क द्यायच्या. काल दहापैकी दोन. काल शून्य, आणि वर्तणूकही वाईट. एकदा म्हणाल्या, रात्रभर छताच्या फळ्या मोजल्या, सव्वीस आहेत, आता झोपेत विचारलंत तरी सांगेन, पण झोप कुठाय? ताई हसल्या. मोठ्या बाईही हसल्या आणि लगेच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. गोळी घ्यायची तेव्हा यजमान कधी स्वप्नात आले नाहीत, म्हणाल्या. आता येतात. आणि आले की उठवून बसवतात. ते बरं की वाईट, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. ताईंनाही.

हे सगळं चाललं होतं ते उघड्या दुकानात, दहा माणसांच्या देखत. त्यात एक शिंपीकाका होते. दोन दुकानं सोडून त्यांचं टेलरिंग. साठीचा, कमी बोलणारा माणूस, गळ्यात कायम टेप. सहा वर्षांपूर्वी एकाएकी त्यांचं मशीन बंद पडलं होतं. म्हणजे मशीन धडधाकट होतं, माणूसच बसला होता. डॉक्टरांनी नैराश्याची गोळी सुरू केली आणि तीन महिन्यांनी काका परत काजं करायला लागले. तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येऊन गोळ्या घेऊन जायचे. पाच नावांत त्यांचं नाव नव्हतं, असायचं कारणही नव्हतं. पण काकांनी स्टुलावरच्या मोठ्या बाईंना पाहिलं, पुड्या पाहिल्या, रांगेतल्या बायकांनी बाईंचं केलेलं कौतुक ऐकलं. एकाहत्तर वर्षांच्या बाईंना जमतंय, मग आपल्याला काय धाड भरलीय, असं त्यांनी मनाशी धरलं. आणि कोणाला न विचारता एका दिवसात गोळी बंद केली.

काका त्या महिन्यात आले नाहीत. पुढच्याही महिन्यात आले नाहीत. एरवी ताईंच्या हे लक्षात आलं असतं. पण त्या तुकडे करण्यात, पुड्या बांधण्यात आणि मार्क ऐकण्यात गुंतल्या होत्या. एका सकाळी काकांची बायको काउंटरशी येऊन उभी राहिली. टेलरिंगचं शटर चार दिवस उघडलेलं नाही, म्हणाली. लोक कपडे मागायला येतायत. हे जेवत नाहीत, बोलत नाहीत. काय करू ते सांगा.

ताई दुपारी शटर ओढून तिच्याबरोबर गेल्या. दुकानाच्या वरच एक खोली. सगळीकडे कापडाचे गठ्ठे, अर्धवट शिवलेला एक कोट खुंटीला. खाटेवर काका भिंतीकडे तोंड करून पडले होते. ताई दारातच थबकल्या. ती पाठ, तो वर आलेला खांदा, भिंतीला जवळजवळ टेकलेलं कपाळ त्यांनी आठ वर्षं रोज शाळेतून आल्यावर पाहिलं होतं. मग काकांच्या बायकोने खुर्चीवरचे कपडे उचलले, तेव्हा त्या जाऊन बसल्या.

खाली रस्त्यावर कोणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती होत नव्हती.

“तुम्ही सगळ्यांचं कमी करताय ना,” काका भिंतीशीच बोलले. “म्हटलं, आपणच कशाला ओझं व्हायचं?”

“तुमचं कमी करायचं नव्हतं, काका,” ताई म्हणाल्या. “बाईंची गोळी त्यांना पाडत होती. तुमची तुम्हाला उभं करते. दिसायला दोन्ही गोळ्याच, पण गोष्ट वेगळी आहे. हे मी सांगायला हवं होतं, नाही सांगितलं.”

त्या तशाच दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी हातातला घास ठेवला आणि बॅग घेऊन त्यांच्याबरोबर निघाले. ते काकांपाशी पाऊण तास बसले, जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का, हे सरळ विचारलं, बायकोला काय बघायचं, एकटं कधी सोडायचं नाही, केव्हा आपल्याला बोलवायचं ते समजावलं, आणि गोळी पुन्हा सुरू केली. खाली उतरताना जिन्यात ते म्हणाले, एकाला उठवायला गेलो आणि दुसऱ्याला बसवलं आपण. त्या दिवशी दवाखाना वीस मिनिटं उशिरा उघडला आणि बाकावरच्या लोकांनी कुरकुर केली.

गोळीचा गुण यायला आठवडे लागतात. ते आठवडे ताई रोज सकाळी दुकानात जाण्याआधी काकांकडे डोकावत. काकांची बायको तोवर बटणं लावून, इस्त्री करून जमेल तेवढे कपडे लोकांना परत करत होती. पाचव्या आठवड्यात काका खुर्चीत बसलेले दिसले. सातव्यात शटर गुडघ्याएवढं वर गेलं आणि आतून मशीनचा आवाज आला. काउंटरवर परत आले तेव्हा काका एकच वाक्य बोलले, ताई, माझं नाव कापू नका. ताईंनी त्यांचं नाव वहीत लिहिलं. या वेळी वाचून लिहिलं.

त्यांनी दुकानाच्या काचेवर एक कागदही चिकटवला, की डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू गोळी बंद करू नये. तो फारसा कोणी वाचला नाही. काचेवर आधीच सतराशे साठ कागद होते.

दरम्यान आरोग्य खात्यातून फोन आला. तिकडून बोलणारी मुलगी नम्र होती, आणि दमलेलीही वाटली. तिने सांगितलं की तुमच्या तक्त्यात एक रकाना जास्त आहे, आमच्या कॉम्प्युटरमध्ये तो जात नाही, काढून परत पाठवा. ताईंनी विचारलं, मग ते लिहायचं कुठे? मुलगी म्हणाली, शेरा म्हणून एक जागा आहे, त्यात तीस अक्षरं मावतात. ताईंनी दुपारी कागदावर तीन-चार वाक्यं लिहून पाहिली. एकही मावेना. शेवटी त्यांनी लिहिलं, थांबवायला वेळ लागतो. आणि पाठवून दिलं.

आठ महिन्यांनी खात्याचा छापील अहवाल आला. त्यात वर चढत जाणारी एक रेघ होती आणि खाली लिहिलं होतं की वापर वाढत असल्याचे दिसून येते. सोबत दुकानात लावायला एक पोस्टर. ताईंच्या नवऱ्याने तो अहवाल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला, त्याला वेळच वेळ होता. म्हणाला, उंटावरून शेळ्या हाकतात म्हण, पण शेळ्या मोजल्या तरी. मग ताईंचे पाय त्याने स्वतःच्या मांडीवर घेतले आणि टाचा दाबू लागला. दाबता दाबता म्हणाला, तुझा रकाना बरोबर होता, त्यांच्याकडे जागा नव्हती.

मोठ्या बाई पाव गोळीवर येऊन थांबल्या. डॉक्टर म्हणाले, तेवढीही सुटेल. मोठ्या बाई म्हणाल्या, आता इथेच थांबू, पास होण्यापुरते मार्क मिळालेत, मला पहिला नंबर नको. पण त्या वर्षात त्या एकदाही पडल्या नाहीत. सकाळी स्टुलावर येऊन बसायची सवय मात्र सुटली नाही. ती सोडवायचा प्रयत्न कोणी केलाही नाही.

गुरुवारची दुपार चालू राहिली. पाचाची दहा नावं झाली, पुढे चाळीस. दोन वर्षांत त्यांतल्या एकोणीस जणांची झोपेची गोळी सुटली. कितीजण दुसऱ्या मेडिकलमध्ये गेले ते ताईंनी मोजलं नाही. डॉक्टर चिठ्ठीच्या कोपऱ्यात तारीख लिहू लागले, की या दिवशी पुन्हा विचारायचं. गर्दीच्या दिवशी विसरायचे, तेव्हा ताई चिठ्ठी परत वर पाठवायच्या. पेशंट वैतागायचे, डॉक्टरही वैतागायचे, पण तारीख लिहायचे. वर्षाच्या शेवटी ताईंनी आकडे पाहिले तर झोपेच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या थोड्या उतरल्या होत्या. नैराश्याच्या गोळ्यांच्या वाढल्या होत्या. वाढल्या त्या चांगल्यासाठी की वाईटासाठी, हे त्यांना सांगता येईना. त्यांत शिंपीकाकांसारखे किती आणि नुसते विसरून राहिलेले किती, हे एकेकाला स्टुलावर बसवल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि स्टूल एकच होतं.

ताईंना अठ्ठावन्नावं लागलं. काम सोडायचं त्यांनी ठरवलंही होतं. पण त्यांच्या जागी कोणी मिळेना, तेव्हा मालकांनी आणखी एक वर्ष थांबायची गळ घातली. ताईंनी अर्धा दिवस कबूल केला. तो अर्धा दिवस रोज संध्याकाळपर्यंत लांबायचा.

परवाच्या सकाळी एक मुलगी जिना उतरून आली. चोविशी-पंचविशीची, कुठल्याशा कारखान्यातल्या पॅकिंगचा निळा डगला अंगात. हातात नैराश्याच्या गोळीची पहिलीच चिठ्ठी. मागे सहाजण उभे. ताईंनी चिठ्ठी वाचली आणि मुलीला सांगितलं, बस. मग हळूहळू समजावलं. पहिले दोन आठवडे काही वाटणार नाही, उलट पोट बिघडेल, मळमळेल, घाबरू नकोस. जास्तच बेचैन झालीस किंवा मनात वेडेवाकडे विचार आले तर वाट बघत बसायचं नाही, त्याच दिवशी वर जायचं. बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायची नाही. वीस तारखेला परत वर डॉक्टरांकडे जायचं, गेलीस की नाही ते मी बघणार आहे. आता मला सगळं परत सांग.

मुलगी सांगायला लागली. एक गोष्ट चुकली, ताईंनी दुरुस्त केली. तिने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. रांगेतल्या एका गृहस्थांनी मोठा सुस्कारा टाकला आणि घड्याळात पाहिलं.

“दहा मिनिटं थांबा,” ताई मान वर न करता म्हणाल्या. “तुम्ही या स्टुलावर बसाल तेव्हा बाकीच्यांना थांबवीन.”

पेन चालेना. त्यांनी ते हातावर दोनदा घासलं, पाकिटावर मोठ्या आकड्यात वीस तारीख लिहिली आणि एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेऊन पुढची चिठ्ठी मागितली.